फिरत्या घरातील स्वास्थ्यरक्षण : मोटारगृह-प्रवासास निघालेला रुग्ण आणि वैद्याचे कर्तव्य

मार्च-एप्रिल महिना उजाडला की आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयांत एक ठरावीक मागणी होऊ लागते. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थायिक झालेली असते, आई-वडील उन्हाळ्यात तिकडे निघालेले असतात आणि 'वैद्यराज, सहा महिन्यांचे औषध बांधून द्या' असा आग्रह असतो. अलीकडे या मागणीला एक पुस्ती जोडली जाते. मुलांनी सुट्टीत 'आर.व्ही.' भाड्याने घेण्याचे ठरविलेले असते आणि दोन-तीन आठवडे त्यातूनच राष्ट्रीय उद्याने पाहण्याचा बेत असतो.

आर.व्ही. म्हणजे मोटारीवर बसविलेले छोटेसे घर. पुढे चालकाची जागा. मागे बिछाने, गॅसची शेगडी, फ्रीज, पाण्याची टाकी आणि शौचालय. घरचे वरण-भात खाता येते, शौचालयासाठी वणवण करावी लागत नाही, थकवा आला की आडवे होता येते. ज्येष्ठांच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे आणि रुग्णाला अशा प्रवासापासून परावृत्त करण्याचे कारण नाही. परंतु या सोयीची दुसरी बाजूही आहे. घर फिरते असले की रुग्णालय स्थिर राहत नाही; आज ते दहा मिनिटांवर असते, उद्या दोन तासांवर. मोठ्या उद्यानांच्या अंतर्भागात भ्रमणध्वनीही लागत नाही.

म्हणूनच अशा रुग्णाच्या बाबतीत वैद्याचे बहुतेक काम तो विमानात बसण्यापूर्वीच पूर्ण व्हावयास हवे. औषधे किती दिली यापेक्षा कोणती दिली नाहीत, आणि कोणत्या लक्षणांवर औषध न घेता थेट रुग्णालय गाठावयाचे हे सांगितले की नाही, यावर रुग्णाचे क्षेम अधिक अवलंबून असते. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने काही व्यवहार्य मुद्दे मांडले आहेत.

प्रवास आणि वातप्रकोप

प्रवासाने वात वाढतो हे आपल्याला नव्याने सांगावयास नको. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतचे थेट उड्डाण सुमारे पंधरा-सोळा तासांचे असते. त्यानंतर वेळेचा फरक येतो. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, लॉस एंजेलिस साडेबारा तास. निद्रा, क्षुधा आणि मलप्रवृत्ती या तिन्ही गोष्टी विस्कटतात. अशा अवस्थेत दुसऱ्याच दिवशी मोटारगृहाचा प्रवास सुरू करणे इष्ट नाही. मुलाच्या घरी किमान चार-पाच दिवस विश्रांती, लघु आहार, उष्णोदक, सकाळचे ऊन आणि रात्री पादाभ्यंग इतके झाले तरी पुढील बराचसा त्रास टळतो. सवयीच्या गोष्टींत बदल टप्प्याटप्प्याने करावा हा पादांशिक क्रमाचा सिद्धांत येथे तंतोतंत लागू पडतो.

मोटारगृहातील सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा प्रश्न वेगधारणाचा आहे. शौचालय गाडीतच असते, पण त्यातील मैला एका टाकीत साठतो आणि ती टाकी ठरावीक ठिकाणी नेऊन घरातल्याच कोणालातरी रिकामी करावी लागते. हे काम जावयाच्या किंवा मुलाच्या वाट्याला येते. आपल्यामुळे त्याला ते करावे लागू नये म्हणून आपल्याकडील सासूबाई, आजी पाणीच कमी पितात आणि वेग रोखून धरतात. संकोचापोटी हे त्या कोणालाही सांगत नाहीत. चरकाचार्यांनी 'न वेगान् धारणीय' हा स्वतंत्र अध्याय लिहिला, त्याचे महत्त्व अशा वेळी पटते. परिणाम आपल्या परिचयाचेच आहेत : मूत्रदाह, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मलावष्टंभ, अर्शाचा उद्रेक. पौरुषग्रंथीची वृद्धी असलेल्या पुरुषांत तर मूत्र पूर्णपणे अडण्याचा प्रसंग येऊ शकतो. म्हणून हा विषय वैद्याने स्वतः काढावा, आणि शक्य तर मुलगा किंवा सून दूरध्वनीवर असताना काढावा. दर दोन तासांनी गाडी थांबवावी, सर्वांनी खाली उतरून पाच-दहा मिनिटे चालावे आणि शक्य तेथे सार्वजनिक शौचालय वापरावे, असा नियम कुटुंबासाठी घालून दिला की संकोच आपोआप गळून पडतो.

या थांबण्याचा दुसरा लाभ अधिक महत्त्वाचा आहे. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून राहिल्यास पायांच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. विमान, रेल्वे, मोटार सर्वांना हे सारखेच लागू आहे. पूर्वी गुठळी झालेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, अतिस्थूल आणि कर्करोगाचे रुग्ण यांना याचा विशेष धोका असतो.

आणखी एक सूचना. गाडी चालू असताना मागच्या बिछान्यावर झोपणे किंवा ओट्यापाशी उभे राहून चहा करणे धोक्याचे आहे. एकदा जोरात ब्रेक लागला की अस्थिक्षय झालेल्या वृद्धेचे मांडीचे हाड मोडण्यास तेवढे पुरते. गाडी चालू असेपर्यंत पट्टा बांधून बसणे हाच नियम.

निघण्यापूर्वीची तपासणी

साठीपुढील प्रत्येक प्रवाशाची निघण्यापूर्वी किमान सहा आठवडे आधी तपासणी व्हावी. रक्तदाब, रक्तशर्करा, हृदयालेख, मूत्रपिंडाच्या कार्याची चाचणी आणि मधुमेही असल्यास तळपायांची संवेदना पाहावी. सहा आठवडे अशासाठी की एखादे औषध बदलावे लागल्यास त्याचा परिणाम येथेच दिसावा.

रक्तदाब, मधुमेह, हृद्रोग किंवा अवटु ग्रंथीसाठी चालू असलेली आधुनिक औषधे प्रवासाच्या तोंडावर कमी करण्याचा किंवा बंद करण्याचा प्रयोग करू नये. इन्शुलिन घेणाऱ्यांनी वेळेच्या फरकानुसार मात्रेचे वेळापत्रक आपल्या मधुमेहतज्ज्ञाकडून लेखी घ्यावे. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते; उघडलेली कुपी साधारणतः ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे चालते. मोटारगृहातील अनेक फ्रीज गॅसवर चालणारे असतात आणि गाडी उतारावर उभी असल्यास ते नीट थंड करीत नाहीत. उलटपक्षी, गोठविण्याच्या कप्प्याजवळ ठेवलेले इन्शुलिन गोठले तर ते निकामी होते. फ्रीजमध्ये एक साधा तापमापक ठेवणे हा यावरचा स्वस्त उपाय आहे.

विम्याबाबतही रुग्णाला सावध करावे. अनेक प्रवासविम्यांत आधीपासून असलेल्या व्याधी वगळलेल्या असतात किंवा त्यांच्यावर मर्यादा असते. पॉलिसी घेताना व्याधी लपविल्यास ऐनवेळी दावा नाकारला जातो.

औषधांची पेटी : काय द्यावे, काय देऊ नये

औषधालय चालविणाऱ्या आपल्या बांधवांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा, ही विनंती.

अमेरिकेत आयुर्वेदीय औषधे बहुतांशी आहारपूरक म्हणून विकली जातात. तेथे त्यांना औषध म्हणून मान्यता नाही. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. २००८ मध्ये त्याच नियतकालिकातील दुसऱ्या पाहणीत इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ उत्पादनांपैकी सुमारे एक-पंचमांश उत्पादनांत हे धातू सापडले. रसशास्त्रातील शोधन-मारणाची भूमिका आपण जाणतो आणि त्याविषयीची चर्चा वेगळी होऊ शकते. परंतु परदेशातील तपासनाक्यावर किंवा अत्यवस्थ रुग्णाच्या खाटेशी ती चर्चा होऊ शकत नाही. तेथील डॉक्टर रक्तातील शिशाचे आणि पाऱ्याचे प्रमाण पाहतो आणि त्यावरून निर्णय घेतो. म्हणून अशा प्रवाशाच्या पेटीत रसकल्प देऊ नयेत, हे निःसंदिग्धपणे सांगावेसे वाटते. त्रिभुवनकीर्ती, आरोग्यवर्धिनी, सूतशेखर ही आपली नित्याची नावेही यात आली. ज्या रुग्णाला ती चालू आहेत त्याला निघण्यापूर्वीच वनस्पतिज पर्यायावर आणून स्थिर करावे.

अतिसारासाठी सहजपणे दिले जाणारे दोन कल्प तर कटाक्षाने टाळावेत. कर्पूररसात अहिफेन असते आणि जातिफलादि चूर्णात भांग. येथे वैद्यकीय उपयोग म्हणून दिलेली ही औषधे तेथे अमली पदार्थ ठरून निरपराध वृद्धाला मोठ्या संकटात टाकू शकतात.

पेटीत मोजकी औषधे असावीत. पुढील यादी मार्गदर्शक आहे. प्रकृती व व्याधी पाहून तीत बदल करावा.

१) अजीर्ण, आध्मान : हिंग्वष्टक चूर्ण. त्यात सैंधव असल्याने उच्च रक्तदाब व हृद्रोगात अल्पकाळच द्यावे. लवणभास्कर त्याहून अधिक लवणयुक्त असल्याने अशा रुग्णांना न दिलेलेच बरे.

२) मलावष्टंभ : त्रिफळा चूर्ण, गंधर्वहरीतकी किंवा इसबगोल. इसबगोल भरपूर पाण्यासोबत आणि इतर औषधांपासून किमान दोन तासांच्या अंतराने घ्यावे, अन्यथा त्या औषधांचे शोषण कमी होते.

३) अतिसार : कुटजघन वटी आणि जलसंजीवनीची पाकिटे. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. अतिसारात रुग्ण दगावतो तो बहुधा जलक्षयाने. म्हणून पाकिटांना वटीच्या आधीचे स्थान द्यावे.

४) कास, प्रतिश्याय : सितोपलादि चूर्ण. यातील सर्वांत मोठा भाग खडीसाखरेचा आहे, हे मधुमेह्याला सांगितलेच पाहिजे. ज्येष्ठमध रक्तदाब वाढवितो व रक्तातील पोटॅशियम घटवितो. मूत्रल औषधे किंवा डिगॉक्सिन चालू असलेल्यांना तो देऊ नये.

५) बाह्योपचार : तीळ तेल, शतधौत घृत, पट्टी व मलमपट्टीचे साहित्य.

अम्लपित्तासाठी अविपत्तिकर देण्याची आपली सवय आहे, पण त्यात त्रिवृत व शर्करा दोन्ही मुबलक आहेत. चालत्या गाडीत विरेचन झालेले कोणालाच परवडत नाही. आसवारिष्टांत मद्यांश असतो, बाटल्या फुटतात आणि हातातील सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली नेता येत नाही. ती शक्यतो टाळावीत. गाडी चालविणाऱ्याने तर ती घेऊच नयेत.

आता बांधणीविषयी. कागदाच्या पुड्या ही आपली जुनी आणि आत्मीयतेची पद्धत असली, तरी परदेशी जाणाऱ्या रुग्णाला एकही सुटी पुडी देऊ नये. निर्मात्याच्या मूळ सीलबंद डब्या द्याव्यात. त्यावर घटकद्रव्ये, गटक्रमांक व मुदत स्पष्ट असावी आणि सोबत पावती असावी. कच्ची मुळे, साली, बिया नेल्यास त्या तपासनाक्यावर घोषित कराव्या लागतात. नेल्याच नाहीत तर अधिक सोयीचे. वैयक्तिक वापरासाठी सर्वसाधारणपणे तीन महिन्यांपेक्षा अधिक साठा नेऊ नये, असे तेथील अन्न व औषध प्रशासनाचे मार्गदर्शन आहे. मुक्काम सहा महिन्यांचा असेल तर उरलेल्या काळाची व्यवस्था आधीच ठरवावी. सहा महिन्यांचे गाठोडे बांधून देणे हा मार्ग नव्हे.

सर्व औषधांची एक पानाची इंग्रजी यादी वैद्याने आपल्या लेटरहेडवर द्यावी. त्यात रुग्णाच्या व्याधी, ॲलर्जी, चालू असलेली आधुनिक औषधे मूळ द्रव्यनामासह, आणि आयुर्वेदीय औषधे त्यांतील वनस्पतींच्या शास्त्रीय नावांसह लिहावीत. 'हर्बल पावडर' एवढे लिहून भागत नाही. या पानाच्या दोन प्रती कराव्यात : एक रुग्णाच्या खिशात, दुसरी गाडीत चालकाजवळ.

वायू, उदक, देश आणि काल

जनपदोद्ध्वंसाचा विचार करताना चरकांनी वायू, उदक, देश व काल हे चार समान भाव सांगितले. भिन्न प्रकृतीची माणसे एकाच वेळी आजारी पडतात, तेव्हा कारण या चारांत शोधावे, हे त्यातील मर्म. मोटारगृहातील कुटुंब म्हणजे एक छोटे जनपदच. या चौकटीतून पाहिल्यास तेथील मोठे धोके नेमके लक्षात राहतात.

*वायू* : सर्वांत घातक धोका कार्बन मोनॉक्साइडचा. बंद गाडीत गॅसची शेगडी ऊब मिळविण्यासाठी चालू ठेवणे, जनित्राचा धूर खिडकीतून आत येणे, शेजारच्या गाडीचे जनित्र रात्रभर चालू असणे ही त्याची कारणे. या वायूला रंग नाही, गंध नाही. लक्षणे शिरःशूल, भ्रम, हृल्लास, छर्दी आणि ग्लानी अशी असतात. दूरध्वनीवर ही लक्षणे ऐकणारा वैद्य सहजच पित्तप्रकोपाचे किंवा प्रवासाच्या शिणाचे निदान करील. येथेच समान भावांचा सिद्धांत प्राण वाचवू शकतो. आजी, नातू आणि सून तिघांची प्रकृती वेगळी. तिघांनाही एकाच सकाळी तोच शिरःशूल असेल आणि बाहेर आल्यावर तो हलका होत असेल, तर कारण हवेत आहे. अशा वेळी पहिला प्रश्न विचारावा : 'आणखी कोणाला होते आहे का?' उत्तर 'हो' असल्यास सर्वांनी तत्काळ गाडीबाहेर पडावे आणि आपत्कालीन मदत मागवावी. बोटावर लावण्याचे ऑक्सिजनमापक यंत्र अशा वेळी फसवे ठरते. विषबाधा असूनही ते ९८ किंवा ९९ असा आकडा दाखवू शकते. गाडीत या वायूची सूचना देणारे यंत्र असते. प्रवासाच्या पहिल्याच दिवशी त्याचे बटण दाबून ते चालू असल्याची आणि त्याची मुदत संपली नसल्याची खात्री मुलांनी करावी.

*उदक* : गाडीच्या टाकीतील पाणी धुण्या-भांड्यांसाठी वापरावे. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी पिण्यायोग्य असा फलक असलेल्या नळाचे किंवा बाटलीबंद पाणी घ्यावे. ओढ्याचे स्वच्छ दिसणारे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये.

*देश* : आपल्याला थंड हवेचे ठिकाण म्हटले की महाबळेश्वर आठवते, त्याची उंची सुमारे १,३५० मीटर. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा सुमारे २,१०० मीटरवर आहे, यलोस्टोनचे सरोवर २,३५० मीटरच्या पुढे, तर कोलोरॅडोतील रॉकी माउंटन उद्यानातला मोटाररस्ता ३,७०० मीटरपर्यंत चढतो. साधारण २,५०० मीटरच्या वर शिरःशूल, अरुची, अनिद्रा व हृल्लास ही उंचीच्या आजाराची लक्षणे दिसू शकतात. लक्षणे वाढत असल्यास, विश्रांतीतही धाप लागत असल्यास किंवा चालताना तोल जात असल्यास खाली उतरणे हीच चिकित्सा. हृद्रोग, श्वास व पांडुरोगाच्या रुग्णांनी अशा ठिकाणी मुक्काम करण्यापूर्वी तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

*काल* : ऑगस्ट २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली येथे ५४.४ अंश तापमान नोंदविले गेले. आपल्या विदर्भाच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसालाही ही उष्णता अपरिचितच. मूत्रल औषधे घेणारे वृद्ध अशा हवेत लवकर कोलमडतात. मधुमेह्याने तर तापलेल्या जमिनीवर क्षणभरही अनवाणी उतरू नये. संवेदना कमी झालेल्या पायाला भाजल्याचे कळतही नाही.

येथे औषध नव्हे, रुग्णालय

पुढील लक्षणे स्वतंत्र कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून रुग्णाला द्यावीत.

– छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ. यावर हिंग्वष्टक किंवा सोडा घेऊन 'गॅस उतरण्याची' वाट पाहू नये. मधुमेह्यांत व स्त्रियांत केवळ धाप, घाम किंवा मळमळ एवढेच लक्षण असू शकते.

– तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे.

– एकाच पायाला सूज व पोटरीत वेदना. त्यासोबत धाप लागल्यास अधिकच त्वरा. अशा पोटरीस अभ्यंग किंवा मर्दन करू नये.

– मूत्र पूर्ण अडणे, रक्ताची उलटी किंवा काळा मल, शुद्ध हरपणे, थांबत नसलेली छर्दी.

– उन्हात असताना बडबड, गोंधळ, अतिशय तापलेले अंग.

अमेरिकेत आपत्कालीन क्रमांक ९११ आहे. विषबाधेच्या सल्ल्यासाठी देशभर १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक आहे. प्रत्येक मुक्कामाच्या ठिकाणी उतरताच तेथील कार्यालयाचा क्रमांक, आपल्या जागेचा क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयाचे नाव कागदावर लिहून गाडीत लावावे. फोन लागला तरी आपण कोठे आहोत हे सांगता न येणे ही नेहमीची अडचण असते.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावयास हवी. आपल्याकडील ज्येष्ठ मंडळी वेदनेपेक्षा बिलाला अधिक भितात. 'मुलाला हजारो डॉलरचा भुर्दंड नको' म्हणून रात्रभर छातीतील कळ सोसली जाते. त्यांना हे ठाऊक असावे, की १९८६ च्या तेथील कायद्यानुसार बहुतेक सर्व रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागाला रुग्णाची ऐपत न पाहता त्याची तपासणी करून त्याला स्थिर करणे बंधनकारक आहे. बिल नंतर येते आणि ते मोठेही असते. पण त्यावर विमा आहे, चर्चा आहे, हप्ते आहेत. गेलेल्या वेळेवर यांपैकी काहीच नाही. हे वाक्य मुलाने सांगितले तर आई-वडिलांना पटत नाही. वीस वर्षे नाडी पाहणाऱ्या वैद्याने सांगितले तर पटते.

उपसंहार

हा विषय केवळ परदेशापुरता राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. उत्तराखंडाच्या चारधाम यात्रेला टेम्पो ट्रॅव्हलरने जाणारे आपले रुग्ण तर वर्षानुवर्षे आहेत आणि केदारनाथ ३,५०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. वाहन आणि देश बदलले तरी वेगधारण, उंची, उष्णता, दूर असलेले रुग्णालय आणि वृद्धांचा संकोच या गोष्टी त्याच राहतात.

प्रवासास निघालेल्या प्रत्येक रुग्णासाठी आपण तीन गोष्टी नेमाने कराव्यात : सहा आठवडे आधी तपासणी, सीलबंद व मोजक्या औषधांची पेटी, आणि दोन कागद – एक तेथील डॉक्टरसाठी इंग्रजीत, दुसरा रुग्णासाठी मराठीत. स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन आहे. रुग्ण हजारो मैल दूर असतानाही ते साधता येते. मात्र त्याची तयारी त्याने आपल्या चिकित्सालयाचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी व्हावयास हवी.